फेब्रुवारीच्या पगारातले जादा शंभर रुपये जातात कुठे?

खारूताई
२७ फेब्रुवारी, रात्री ९:१२

मी भोसरीतल्या एका मध्यम कारखान्यात पगारपत्रकं करते. वर्षाचे अकरा महिने मला कोणी काही विचारत नाही. फेब्रुवारीचा पगार झाला की मात्र खालून फोन सुरू. "मॅडम, शंभर रुपये जास्त कापलेत." मग माझं पाठ झालेलं उत्तर: व्यवसाय कर, म्हणजे पीटी, वर्षाला २५०० रुपये. अकरा महिने २०० प्रमाणे २२०० झाले, उरलेले ३०० फेब्रुवारीत. पगार दहा हजारांच्या वर गेला की साहेबाला आणि हेल्परला सारखाच. बायकांना २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत माफ.

यंदा एका नव्या ट्रेनी पोरानं पुढचा प्रश्न विचारला. "मॅडम, पण हा घेतात कशासाठी?" पीएफचं त्याला कळत होतं, ईएसआयचंही. मी म्हटलं, "राज्याचा कर आहे, राज्याला जातो." बोलतानाच ते पोकळ वाटलं.

घरी सासऱ्यांना विचारलं. वय ८१, जिल्हा परिषदेतून निवृत्त. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "रोजगार हमीचा कर तो. पहिल्यांदा कापला तेव्हा आमच्या कचेरीत लोकांनी काय शिव्या घातल्या होत्या!"

सतरा वर्षं मी हा कर कापतेय. मला माहीत नव्हतं.

धागा काढायचं कारण वेगळंच आहे. डिसेंबरात केंद्रानं मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. दिवस १०० चे १२५ झाले, पण खर्चाचा ४० टक्के वाटा आता राज्याचा. आजवर अकुशल मजुरीचा पैसा सगळा केंद्राकडून यायचा. राज्याच्या तिजोरीची परिस्थिती तर आपण बघतोय. लाडकी बहीण सुरू झाल्यावर आनंदाचा शिधा थांबला, शिवभोजन केंद्रवाल्यांची बिलं थकली. गेल्या मे महिन्यात सामाजिक न्यायचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५.७० कोटी तिकडे वळवले, तेव्हा सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी दाखवली. आता त्यात हे ४० टक्के.

माझा प्रश्न साधा आहे. एका कामासाठी आपण पन्नास वर्षं वेगळा कर भरतोय, तर त्या कामाला कात्री लागतेच कशी? जाणकारांनी सांगावं. पक्षांची हाणामारी नको, त्यासाठी इथे वेगळे धागे आहेत.


ताळेबंद
२७ फेब्रुवारी, रात्री १०:४०

सासऱ्यांना नमस्कार सांगा, त्यांची आठवण पक्की आहे. मी मराठवाड्यातल्या एका कलेक्टर कचेरीत रोहयो (रोजगार हमी योजना) शाखेत लेख्याचं काम केलं, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

कल्पना वि. स. पागे यांची. विधान परिषदेचे ते बरीच वर्षं सभापती होते. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला हा प्रयोग आधी छोट्या प्रमाणावर झाला. मग ७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते.

दुष्काळी काम म्हणजे सरकारची मर्जी. पाऊस पडला, कलेक्टरनं आदेश काढला, काम बंद. पाग्यांचं म्हणणं असं की खेड्यातल्या भूमिहीनाला दर वर्षीच चार-सहा महिने दुष्काळ असतो, त्याला काम मागण्याचा हक्कच द्या. त्यातून १९७७ चा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. केंद्राचा कायदा २००५ चा, म्हणजे आपल्यानंतर पाव शतकानं.

आता पैशाचं. हक्क दिला की पैसा हवाच. तिजोरीत नाही म्हणून सांगता येत नाही. म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला. शहरातल्या पगारदारानं आणि धंदेवाल्यानं भरायचा, खेड्यात काम निघायचं. शिवाय दुकान-कचेऱ्यांच्या मालमत्ता कराच्या बिलावर "रोजगार हमी उपकर" अशी ओळ असते, तीही यासाठीच. कायद्यातच "रोजगार हमी निधी" ठेवला आणि या करांतून जेवढं येईल तेवढीच भर सरकारनं आपल्याकडून घालायची असं ठरवलं. शहराचा रुपया, सरकारचा रुपया.

ताई, कात्री इथेच लागते. तुमच्या पगारातला पैसा थेट त्या निधीत जात नाही. घटनेप्रमाणे तो आधी राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. तिथून रोहयो निधीत किती वर्ग करायचा ते अर्थसंकल्पात ठरतं. कर शंभर आला तरी निधीत साठ वर्ग करता येतो. "खर्चच कमी झाला, मग कशाला वर्ग करायचा?" असं उत्तर मिळतं. खर्च कमी का झाला, हे कोणी विचारत नाही. कॅगनं यावर वेळोवेळी बोट ठेवलंय. त्यामुळे निधीच्या पुस्तकात शिल्लक दिसते, पण पैसा केव्हाच दुसरीकडे वापरलेला असतो. आमच्या शाखेतला एक हेड क्लार्क म्हणायचा, "ही शिल्लक लग्नपत्रिकेवरच्या 'आहेर आणू नये'सारखी आहे. छापायची असते."


ढोबळी_मिरची
२७ फेब्रुवारी, रात्री ११:०५

म्हणजे आम्ही हिंजवडीत रात्री अकरापर्यंत कॉल घ्यायचे आणि तिकडे बोगस मस्टरं भरायची. मेलेल्या माणसांची हजेरी लागल्याच्या बातम्या आम्हीही वाचल्यात. एकच रस्ता तीनदा झालेला मी माझ्या आजोळी स्वतः पाहिलाय. असल्या योजनेला कात्री लागली तर लागू दे की. निदान त्या पैशात एखादा उड्डाणपूल होईल.


कुसळ
२८ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

ढोबळी मिरचीभाऊ, उड्डाणपुलाच्या टेंडरात पैसे खात नाहीत असं तुम्हाला कोणी सांगितलं? तिथे चोरी झाली की आपण ठेकेदार बदला म्हणतो. इथे चोरी झाली की मजुराचं काम काढून घ्या म्हणतो.

आम्ही माण तालुक्यातले. आईचं लग्न ७१ चं, आणि ७२ ला ती नव्या नवरीची पाझर तलावावर. ती सांगते, पहिले दोन दिवस घरची माणसं आपण ओळखू येऊ नये म्हणून पदर पुढं ओढून जायची. पाटलाची सून आणि महारवाड्यातली बाई एकाच टोळीत माती टाकायला. तिसऱ्या दिवशी पदर मागं गेले, कारण उन्हानं जीव जायला लागला. दुपारी सुकडी मिळायची. ती गोडसर भुकटी आई आजही ओठ मुडपून आठवते, आवडीनं की नावडीनं ते मला अजून कळलेलं नाही. रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. भाकरी थापताना तुटायची.

त्या तलावाचं पाणी आमच्या विहिरीला आजही आहे. बांधताना मस्टरात खोटी नावं असतीलही, पाणी मात्र आहे.

आणि एक. आई मजुरीची वाट बघत शनिवारी मुकादमापुढे उभी राहायची तेव्हा "सरकारनं उपकार केले" असं ती कधी म्हणाली नाही. आठ दिवस माती वाहिली, त्याचे पैसे. एवढंच.


उंबरठा
२८ फेब्रुवारी, सकाळी १०:३२

ताळेबंदकाकांनी निधीचं सांगितलं, मी दुसरी कात्री सांगते. अर्थशास्त्र शिकवते, दर वर्षी हा धडा वर्गात घेते.

१९८८ मध्ये राज्यात शेतमजुरीचं किमान वेतन दुप्पट झालं, आणि रोहयोची मजुरी त्याला बांधलेली असल्यानं तीही वाढली. कागदावर मजुरांचा मोठा विजय. झालं असं की त्यानंतर कामावरची हजेरी वाढायच्या ऐवजी घसरली. मजुरी वाढल्यावर माणसं जास्त यायला हवीत ना? आली असती, पण काम निघेना. नवी कामं मंजूर करायला हात आखडला, आधीचं पुरं झाल्याशिवाय पुढचं नाही, अशा तऱ्हा. मार्टिन रॅव्हेलियन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये त्यावर निबंध लिहिला आणि शीर्षकातच विचारलं की ही हमी खरोखर हमी आहे का.

म्हणजे कायदा तसाच, कर तसाच, विधिमंडळात एकाही आमदारानं योजना बंद करा म्हटलेलं नाही, आणि योजना अर्धी झाली. मला धास्ती अर्थसंकल्पातल्या उघड कपातीची नाही. ती दिसते, तिच्यावर अग्रलेख येतो, मोर्चा निघतो. काम न काढून केलेली कपात कोणत्याच तक्त्यात "कपात" म्हणून येत नाही, उलट "मागणी घटली" म्हणून येते.

तेच १९८८ साल आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवा. घटनेच्या कलम २७६ नुसार व्यवसाय कराला वरची मर्यादा आहे. ती पूर्वी वर्षाला २५० रुपये होती, १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीनं २५०० केली. अजून तीच आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा मॅनेजर आणि आजचा मॅनेजर, दोघांनाही कमाल अडीच हजार. कराचा झराच गोठवलाय.


ढोबळी_मिरची
२८ फेब्रुवारी, सकाळी १०:५०

@उंबरठा, १९८८ ला अठ्ठावीस नाही, अडतीस वर्षं झाली. बाकी मुद्दा पोचला.


उंबरठा
२८ फेब्रुवारी, सकाळी १०:५३

बरोबर, अडतीस. अर्थशास्त्रवाल्यांचं गणित. :)


सिपना
२८ फेब्रुवारी, दुपारी १:१५

मी मेळघाटातल्या धारणी तालुक्यात शिक्षक. "मागणी घटली" कशी घटते ते सांगतो.

कायद्यानं मजुरानं नमुना ४ भरून काम मागायचं आणि नमुना ५ ची तारखेसह पोच घ्यायची. भत्त्याचा हक्क त्या पोचेवर उभा आहे. आमच्याकडे बायका ग्रामरोजगार सेवकाला तोंडी सांगतात, "भाऊ, काम काढ." तो म्हणतो, "वरून मंजुरी आली की सांगतो." तोही काही वाईट माणूस नाही, त्याचं स्वतःचं मानधन अडकलेलं असतं. वरून काम आलं की त्या तारखेला मागणी भरली जाते. म्हणजे संगणकावर मागितलेल्या प्रत्येकाला काम मिळालेलं दिसतं, पंधरा दिवसांच्या आत, शंभर टक्के. मधले दोन महिने कुठेच नाहीत.

हजेरी ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो. टेकडीमागे रेंज नसते. माझ्या शाळेतल्या चौथीच्या पोरीची आई दिवसभर सलग समतल चर खोदून आली आणि दुपारचा फोटो चढला नाही म्हणून तिचा दिवस गेला. ते पैसे वाचले ना सरकारचे? कपातच म्हणायची ती.

होळी तोंडावर आलीय. इथल्या कोरकू आदिवासींचा सगळ्यात मोठा सण, बाहेर गेलेली माणसं यासाठी परत येतात. घरोघरी एकच विचारणा, "गुरुजी, खात्यात आले का बघा." मी फोनवर बघतो. चार हप्ते बाकी आहेत. मजुरी ३१२ रुपये रोज. गोव्यात ३७८ आहे, पण ते जाऊ द्या.


कोरडवाहू
२८ फेब्रुवारी, दुपारी २:४०

थोडी शेतकऱ्याची बाजू. जालना जिल्हा, सात एकर. पेरणीला आणि कापूस वेचणीला माणूस मिळत नाही. नव्या कायद्यात पेरणी-काढणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवायची सोय आहे, ती मला पटते. रोहयोनं मजुराचं भलं झालं, पण शेतात मजूर मागताना आम्हाला भाव वाढवावा लागतो, तो कापसाच्या भावातून निघत नाही.

तरी रोहयो बुडाली पाहिजे असं मी म्हणणार नाही. माझी मोसंबीची बाग १९९० नंतरच्या रोहयोतल्या फळबाग योजनेतली, वडिलांनी लावलेली. विहीर जवाहर योजनेतली. एवढं खाल्लेलं मीठ विसरून कसं चालेल.


सिपना
२८ फेब्रुवारी, दुपारी ३:०५

@कोरडवाहू, दादा, तुमची अडचण खरी आहे. पण तुमचा हंगाम आणि आमचा हंगाम एक नाही. इथे दोन एकर डोंगरउताराची जमीन, कापूस नाही, वेचणी नाही. साठ दिवस बंद म्हणजे इथे साठ दिवस रेल्वे स्टेशन. आणि मजुराला शेतकऱ्यापाशी घासाघीस करता येते ती मागं रोहयोचं काम उभं असतं म्हणूनच. वाढीव भाव तुम्ही द्यावा की कापसाला भाव मिळावा, यावर आपण दोघं एका बाजूला आहोत.


कोरडवाहू
२८ फेब्रुवारी, दुपारी ३:१२

हे मान्य.


परसबाग
२८ फेब्रुवारी, रात्री ८:१० (न्यू जर्सी)

अवांतर वाटेल, पण धाग्याच्या मूळ प्रश्नाशी संबंध आहे. इथेही माझ्या पगारातून अशीच एक ओळ कापली जाते, सोशल सिक्युरिटीची, ६.२ टक्के. तेवढेच कंपनी भरते. कायदा १९३५ चा, रूझवेल्ट यांच्या काळातला. हा कर गरिबाला जाचतो असं तेव्हाही कोणी त्यांना म्हणालं होतं. त्यावर त्यांचं म्हणणं असं की पगारातून कापलं की लोकांना ते आपलं वाटतं, मग कोणत्याही पुढाऱ्याला ती योजना मोडता येणार नाही. आणि तसंच झालं. २००५ मध्ये बुश यांनी तिचं खासगीकरण करून पाहिलं, त्यांच्याच पक्षातल्यांनी साथ दिली नाही. गेल्या जुलैच्या कायद्यात गरिबांच्या औषधपाण्याच्या मेडिकेडला आणि फूड स्टॅम्पला मोठी कात्री लागली, सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनला हात लावायची हिंमत झाली नाही.

दुसरी गोष्ट. १९७५ पासून इथली पेन्शन महागाईप्रमाणे दर वर्षी आपोआप वाढते. कोणाला सभागृहात मागणी करावी लागत नाही.

आपल्याकडेही पगारातून कापतात, मग आपल्याला ते आपलं का वाटत नाही?


ताळेबंद
२८ फेब्रुवारी, रात्री ९:३०

@परसबाग, कारण तिकडे भरणारा आणि घेणारा एकच माणूस आहे. आज कापलं ते म्हातारपणी मला मिळणार. इकडे भोसरीतला फिटर भरतो आणि धारणीतली बाई माती खोदते. फिटरला वाटतं सरकारनं लुटलं, बाईला वाटतं सरकारनं दिलं. दोघांची गाठ घालून देणारी ओळ पगारपत्रकावर "पीटी" या दोन अक्षरांत संपते. १९७५ ला सगळ्यांना माहीत होतं म्हणून शिव्या तरी घातल्या. आता शिव्याही नाहीत.

नोकरीत असताना विधिमंडळाची रोहयो समिती यायची. आठ दिवस आधीपासून धावपळ, गहाळ मस्टरं शोधा, अर्धवट कामांवर फलक लावा. आम्ही वैतागायचो. पण खरं सांगतो, त्या आठ दिवसांत जेवढी कामं मार्गी लागत तेवढी एरवी सहा महिन्यांत लागत नसत. तपासायला कोणी येणार आहे म्हटलं की फायली हलतात.


पानसुपारी
१ मार्च, सकाळी ९:४५

सगळे रोहयोवर बोलताय, माझी आत्या निराधारवर आहे. तिचंही ऐका.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची. आता महिन्याला १५०० मिळतात, आधी १००० होते. पण योजनेत बसायला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. वार्षिक! म्हणजे महिन्याला १७५० रुपये. आजच्या महाराष्ट्रात १७५० रुपयांत कोणतं कुटुंब जगतं? रोहयोवर कोणी ६८ दिवस गेलं की २१ हजारांच्या पुढे. म्हणून गावोगाव जिवंत, कमावती माणसं २१ हजारांचा दाखला काढतात आणि दाखला देणाऱ्यालाही माहीत असतं की हा आकडा खोटा आहे. ज्या म्हातारीला खोटं बोलता येत नाही ती बाहेर. लाडक्या बहिणीला उत्पन्नाची अट अडीच लाख, आणि तिकडे जिला नवरा नाही, मूल नाही, तिला २१ हजार.

आत्याचा दाखला तीन वेळा परत आला. कचेरीचं नाव लिहीत नाही, तिला पुढंही तिथंच जायचंय. आधी आधार बँकेला जोडलेलं नाही म्हणून, मग जोडल्यावर अंगठा उमटत नाही म्हणून. आयुष्यभर भांडी घासली, रेषा राहिल्यात कुठे. मग हयातीचा दाखला. साहेबासमोर उभी राहिली तरी जिवंत असल्याचा कागद वेगळा लागला. पाच महिने पैसे बंद होते.

म्हणून म्हणते, कपात करायला अर्थमंत्री लागत नाही.


उंबरठा
१ मार्च, सकाळी १०:२०

पानसुपारी, तुमच्या आत्याच्या जोडीला आणखी एक आकडा ठेवा. ६० ते ७९ वयाच्या दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना केंद्र सरकार इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात महिन्याला २०० रुपये देतं. हा आकडा जवळपास वीस वर्षं हललेला नाही. बाकीचं राज्य घालतं म्हणून आपल्याला जाणवत नाही. याच काळात सरकारी नोकरांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढत आला, जानेवारीत आणि जुलैत, आपोआप. वाढायलाही हवाच, माझाही वाढतो. पण तेच सूत्र आजीच्या दोनशेला लावलं असतं तर ना मोर्चा लागला असता ना निवडणूक.

एक रुपयाही न कापता ती रक्कम निम्म्याहून खाली आलीय. महागाईनं सरकारचं काम परस्पर केलं.


ढोबळी_मिरची
१ मार्च, दुपारी १२:३०

मी माझ्या पहिल्या प्रतिसादातलं सगळं मागे घेत नाही. बोगसगिरी आहेच. पण ती शोधायची तर सोशल ऑडिट नीट करा, मजुराचा फोटो दोनदा काढून काय होणार, इथपर्यंत मी आलोय.

एक प्रामाणिक प्रश्न. पैसा आणायचा कुठून? निराधारची मर्यादा वाढवा, मजुरी वेळेवर द्या, ४० टक्के वाटा भरा. सगळं बरोबर. तिजोरी एकच आहे.


किराणाभुसार
१ मार्च, दुपारी १:०५

आमच्यासारख्यांकडून तर घेतातच. दुकानाचा व्यवसाय कर, म्हणजे पीटीईसी, वर्षाला २५००, शिवाय मालमत्ता कराच्या बिलात तो उपकर, ताळेबंदकाका म्हणाले तो. आज बिल काढून बघितलं, खरंच छापलंय. चौदा वर्षं भरतोय, वाचलं आज.

माझं म्हणणं, नवा कर नंतर आणा. आधी हा कर किती जमला आणि त्यातला किती त्या निधीत गेला, एवढे दोनच आकडे दर वर्षी शेजारी शेजारी छापा. गिऱ्हाईकाला मी बिल देतो, सरकारनं मला द्यावं.


ताळेबंद
१ मार्च, दुपारी ४:२०

@ढोबळी_मिरची, प्रश्न रास्त आहे. तिजोरी एकच, हे खरं. पण या एका कामासाठी तिजोरीत वेगळा कप्पा केला होता, तोही कायद्यानं. २००६ नंतर मजुरीचा बहुतेक भार केंद्रानं उचलला, तेव्हा राज्याला या कप्प्याची फारशी गरज उरली नाही आणि व्यवसाय कर बाकी उत्पन्नात मिसळून गेला. कर मात्र कोणी बंद केला नाही. आता ४० टक्के अंगावर आल्यावर "पैसा कुठून आणायचा" म्हणताना तो कप्पा आधी उघडून दाखवायला हवा. किराणाभुसार यांची मागणी म्हणूनच मला सगळ्यात आवडली. दोन आकडे. माहिती अधिकारात विचारण्यासारखे आहेत, आणि अधिवेशनात एखाद्या आमदारानं तारांकित प्रश्न टाकला तर त्याहून बरं. पुरतील का? पुरे पडणार नाहीत. पण बोलणं तिथून सुरू होतं.

नव्या कायद्यात आणखी एक मेख आहे. केंद्र प्रत्येक राज्याला रक्कम आधीच ठरवून देणार आणि त्यावरचा खर्च राज्यानं सोसायचा. जुन्या कायद्यात मागणी वाढली की केंद्राला पैसा वाढवावा लागायचा. करोनाच्या वर्षात तो एक लाख कोटींच्या पुढे गेला तो त्यामुळेच. ठरलेल्या रकमेत हक्क बसवायचा म्हटलं की काय होतं, ते उंबरठाताईंनी १९८८ च्या गोष्टीत सांगितलंच आहे.


सिपना
१ मार्च, रात्री ८:००

चारपैकी एक हप्ता आज जमा झाला. गावात कळलं तेव्हा बायका बाजाराच्या गाडीकडे पळाल्या. बाकीच्या तीन हप्त्यांची आशा होळीपर्यंत नाही.

शाळेच्या फळ्यावर उद्या नमुना ४ आणि नमुना ५ काढून दाखवतोय, सातवीच्या पोरांना. आईबापांच्या मागण्या तीच भरून देतील. तारखेसकट.


खारूताई
२ मार्च, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार, मला इतकं अपेक्षित नव्हतं. कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते. माझे वर्षाचे २५०० भागिले सिपनागुरुजींकडची ३१२ मजुरी, म्हणजे आठ दिवस. आमच्या कारखान्यात हा कर भरणारे ३४० जण आहेत. २७२० दिवस. हे वाचून त्या ट्रेनी पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला.

उद्या नोटीस बोर्डावर कागद लावणार आहे. साहेबांनी "राजकारण नको" एवढ्या अटीवर हो म्हटलंय. मजकूर असा: "फेब्रुवारीच्या पगारातून व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० रुपये कापला जातो. वर्षाचा एकूण कर २५०० रुपये. हा कर १९७५ साली रोजगार हमी योजनेसाठी सुरू झाला. आपला कर खेड्यातल्या मजुरांच्या मजुरीसाठी जातो." काही चुकत असेल तर आत्ताच सांगा, सकाळी प्रिंट काढते.


ताळेबंद
२ मार्च, रात्री १०:१५

पहिली तीन वाक्यं ठेवा. चौथं काढा. "जातो" असं लिहायचं तर सरकारचे ते दोन आकडे हातात हवेत. "जायला हवा" लिहा. साहेबांनी विचारलं तर म्हणावं, लेखा विभागातल्या माणसानं सुचवलेली दुरुस्ती आहे.